किटली एक, चवी दोन

फळांच्या स्वादाचा ग्रीन टी शक्यतो कोणाच्या तरी सोबतीने प्यावा. चव नेमकी कुठे तयार होते आणि आपले नाक नीट काम करते आहे की नाही, हे समोर बसलेल्या माणसामुळेच लक्षात येते.

आंबा, लिंबू, पीच, स्ट्रॉबेरी, डाळिंब अशा फळांच्या स्वादाचे ग्रीन टी आता साध्या किराणा दुकानातही मिळू लागले आहेत. कोणी वजन उतरावे म्हणून ते घेतो, कोणी दूध-साखरेचा चहा कमी करायचा म्हणून, तर कोणी केवळ डब्यावरचे चित्र बघून. आंब्याच्या स्वादाच्या टी-बॅगवर गरम पाणी ओतले, की वाफेबरोबर अढीतल्या पिकल्या आंब्यासारखा वास दरवळतो. मोठ्या आशेने पहिला घोट घ्यावा, तर तो गोड नसतो आणि आंबटही नसतो. थोडा कडू, बराचसा तुरट असे काहीतरी जिभेवर येते. त्याच किटलीतला चहा पिणारी दुसरी व्यक्ती मात्र म्हणते, ‘छान आहे की, चांगला आंबा लागतोय!’

अशा वेळी दोघांपैकी एकाला चवीतले कळत नाही, असा निष्कर्ष काढला जातो. खरे तर दोघेही बरोबर असू शकतात. क्वचित प्रसंगी मात्र दोघांमधला हा फरक वैद्यकीयदृष्ट्या दखल घेण्याजोगा असतो. हे दोन प्रकार वेगळे कसे ओळखायचे, हे समजण्यासाठी आधी कपात काय आहे ते पाहायला हवे.

जिभेला काय कळते?

आपला नेहमीचा चहा आणि ग्रीन टी ही दोन वेगळी झाडे नव्हेत. दोन्ही ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या एकाच वनस्पतीची पाने. काळ्या चहासाठी पाने चुरगळून त्यांचा हवेशी संयोग होऊ देतात. पानातील एंझाइम कामाला लागतात, कॅटेचिन नावाच्या संयुगांचे रूप बदलते आणि पाने तांबूस-काळी होतात. ग्रीन टीची पाने मात्र खुडल्यानंतर लवकरच तापवली जातात. जपानमध्ये त्यासाठी वाफ वापरतात, चीनमध्ये बहुतेक ठिकाणी मोठ्या कढईत पाने परततात. या उष्णतेने एंझाइम निकामी होतात, पान हिरवे राहते आणि कॅटेचिनही टिकून राहतात. ‘ईजीसीजी’ या आखूड नावाने ओळखले जाणारे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट हे त्यातले मुख्य.

हे कॅटेचिन आणि कॅफीन यांच्यामुळे ग्रीन टी कडू लागतो. माणसाच्या जिभेवर कडू चव ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे रिसेप्टर आहेत आणि त्यातल्या काहींना ईजीसीजी चिकटते. चहाच्या पानात थिअनिन नावाचे अमिनो आम्लही असते. टोमॅटोच्या सारात किंवा मशरूमच्या रश्शात जी भरीव चव लागते, तिच्या जवळची ‘उमामी’ छटा त्यातून येते.

तुरटपणाची गोष्ट जरा निराळी आहे. कॅटेचिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतात. लाळेचा ओशट गुळगुळीतपणा कमी होतो आणि जीभ, टाळू, गाल एकमेकांवर घासल्यासारखे वाटतात. कच्चे केळे, जांभूळ किंवा सुपारी खाल्ल्यावर तोंड आवळल्यासारखे होते, ते याच कारणाने. आपल्या परंपरेत गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट असे सहा रस मानले आहेत. आधुनिक शरीरशास्त्र यातल्या तिखट आणि तुरट या दोघांना चवींच्या यादीत धरत नाही. तिखट ही उष्णतेची आणि वेदनेची जाणीव, तर तुरट ही प्रामुख्याने स्पर्शाची जाणीव, असे ते सांगते. उमामी धरून जिभेच्या मूळ चवी पाचच.

म्हणजे जिभेकडून मेंदूला जाणारा निरोप एवढाच, की हे पेय कडू आहे, तुरट आहे आणि किंचित उमामी आहे. या निरोपात आंबा कुठेच नाही.

आंबा नाकात असतो

वास नाकात शिरायला दोन वाटा आहेत. एक समोरून, नाकपुड्यांमधून. दुसरी मागून, घशातून. घोट गिळताना तोंडातली सुवासिक हवा घशाच्या मागच्या बाजूने वर चढते आणि श्वास सोडताना नाकाच्या छतापाशी असलेल्या गंधपेशींपर्यंत पोचते. या मागच्या दाराने आलेल्या वासाला मेंदू ‘वास’ म्हणून ओळखत नाही. तो त्याला तोंडात घडणाऱ्या गोष्टींत मिसळून टाकतो आणि आपण म्हणतो, ‘आंब्याची चव लागली.’

याची खात्री अर्ध्या मिनिटात करता येते. नाक चिमटीत घट्ट धरून आंब्याच्या ग्रीन टीचा एक घोट घ्यावा, तोंडात घोळवावा आणि गिळावा. फक्त कडू-तुरट पाणी लागेल. आता चिमूट सोडून नाकाने श्वास बाहेर सोडावा. क्षणात आंबा हजर होतो. सर्दीत आमटीला चव लागत नाही, तेव्हा जीभ आजारी नसते. बंद असते ते हे मागचे दार.

आंब्याचा वास म्हणजे एखादे एकटे रसायन नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी हापूसच्या वासाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यात असे दिसले, की ओसिमीनसारखी टर्पीन वर्गातली संयुगे फळ कच्चे असल्यापासून असतात. त्यांच्यामुळे कैरीचा हिरवट वास येतो. फळ पिकू लागले, की लॅक्टोन आणि फ्युरॅनोन या वर्गांतली संयुगे वाढतात आणि पिकल्या आंब्याचा गोडसर, दाट वास तयार होतो. पीचच्या वासातही लॅक्टोन महत्त्वाचे असतात. त्यामुळे पीचच्या ग्रीन टीमध्ये एखाद्याला आंब्याची झाक जाणवली, तर ते मुळीच आश्चर्याचे नाही.

वास ‘गोड’ वाटतो, यातही मेंदूचा हात असतो. साखरेचा रेणू उडून नाकात जात नाही, त्यामुळे गोडाला स्वतःचा वास नाही. पण आयुष्यभर आंब्याचा वास आणि गोडवा एकत्र अनुभवल्यामुळे मेंदूने दोघांची जोडी जुळवलेली असते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घुसळलेल्या क्रीममध्ये स्ट्रॉबेरीचा वास मिसळला, तेव्हा चाखणाऱ्यांना ते अधिक गोड वाटले. साखर तेवढीच होती. शेंगदाण्याच्या बटरचा वास मिसळल्यावर तसे झाले नाही. साखरेशिवायचा ग्रीन टी फळाच्या स्वादामुळे सुसह्य होतो, त्यामागे हीच जोडी काम करते. दुधा-साखरेच्या चहाची सवय सोडू पाहणाऱ्या मधुमेही व्यक्तीला हा बिनसाखरेचा आधार खरोखर उपयोगी पडू शकतो.

आपल्याकडचे जुने लोक चहा बशीत ओतून फुरके मारत पितात. घरातली तरुण मंडळी त्यावर नाक मुरडतात. पण चहाच्या लिलावासाठी नमुने चाखणारे व्यावसायिक परीक्षकही चमच्यातून चहा असाच आवाज करत ओढतात. जोराने हवेबरोबर ओढलेला चहा तोंडात तुषारांसारखा पसरतो आणि सुगंधी संयुगे मागच्या दाराने नाकाकडे सहज जातात. शिवाय बशीत चहा निवतो, हाही फायदाच. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानाची अतिगरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये केले आहे.

डब्यावरचे फळ आणि कपातले फळ

फळाचा वास असलेल्या कपात फळ असतेच असे नाही. डब्याच्या मागे घटकांची यादी बारीक अक्षरात छापलेली असते. तिच्यात ग्रीन टीच्या पानांनंतर बहुधा ‘नैसर्गिक स्वाद’, ‘निसर्गसदृश स्वाद’ किंवा ‘कृत्रिम स्वाद’ यांपैकी काहीतरी लिहिलेले आढळते. निसर्गसदृश म्हणजे रेणू फळात असतो तोच, पण तयार झालेला कारखान्यात. नाकाला त्यात फरक कळत नाही. पोषणात मात्र फरक पडतो.

लिंबाचे उदाहरण घ्या. ग्रीन टीमध्ये ताजे लिंबू पिळले, तर त्यातले क जीवनसत्त्व आणि आम्लता यांमुळे कॅटेचिन पचनमार्गात अधिक टिकतात, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. क जीवनसत्त्वामुळे लोह शोषले जायलाही मदत होते. ‘लिंबू स्वाद’ असलेल्या टी-बॅगेत यातले काही मिळेलच असे नाही. तिथे फक्त लिंबाचा वास असू शकतो.

लोहाचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. कॅटेचिन पालेभाज्या, डाळी आणि धान्यांतल्या लोहाला बांधून ठेवतात आणि ते रक्तात कमी प्रमाणात शोषले जाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. त्यामुळे जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर ग्रीन टी नको. दोन्हींमध्ये किमान तासाभराचे अंतर ठेवावे.

वजनाचेही सांगून टाकायला हवे. उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१२ मधील अहवालात ग्रीन टीच्या सेवनाने होणारी घट फार थोडी आणि आरोग्याच्या दृष्टीने नगण्य असल्याचे म्हटले आहे. वजनासाठी विकल्या जाणाऱ्या ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊच नयेत. रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी गोळ्यांतून घेतल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणे रक्तात दिसू शकतात, असा इशारा युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिला आहे. दिवसातून एक-दोन कप साधा ग्रीन टी पिणाऱ्या निरोगी व्यक्तीला ही भीती नाही.

दोन माणसे, दोन आंबे

आता किटली एक असून चवी दोन का, याकडे वळू. या प्रश्नाचे एक उत्तर जवळजवळ योगायोगाने हाती आले. १९३१ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ फेनिलथायोकार्बमाइड नावाची भुकटी हाताळत होते. थोडी भुकटी हवेत उडाली. जवळच काम करणारे सहकारी नोलर यांनी तक्रार केली, की तोंड कडू झाले. फॉक्स यांना तर काहीच चव लागत नव्हती. दोघेही आपापल्या म्हणण्यावर ठाम राहिले, तेव्हा फॉक्स यांनी इतरांनाही ती भुकटी चाखायला दिली. काहींना ती जहाल कडू लागली, काहींना बेचव. पुढे हा गुण आनुवंशिक असल्याचे दिसले आणि २००३ मध्ये त्यामागचे जनुकही सापडले. त्या दिवशी फॉक्स प्रयोगशाळेत एकटे असते, तर आपल्या जिभेला काय कळत नाही, हे त्यांना कधीच कळले नसते.

ग्रीन टीमधील ईजीसीजीसाठी जिभेवरचे रिसेप्टर वेगळे आहेत, पण तत्त्व तेच. कडूपणा किती लागणार, हे माणसागणिक बदलते.

नाकाच्या बाबतीत हा फरक आणखी मोठा आहे. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात. त्यांची जनुके १९९१ मध्ये शोधणारे लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार कोणत्याही दोन माणसांच्या या गंधजनुकांमध्ये सरासरी ३० टक्क्यांहून अधिक ठिकाणी कामकाजाचा फरक असतो. म्हणजे दोघांच्या हातात एकाच वाद्यमेळाचे सूर ऐकण्याची साधने आहेत, पण प्रत्येकाला काही वाद्ये ऐकूच येत नाहीत आणि ती वाद्ये दोघांची वेगळी आहेत.

चहाशी थेट संबंध असलेले एक उदाहरण आहे. बीटा-आयोनोन हे संयुग चहाच्या सुगंधात असते आणि रासबेरीच्या वासातही ते महत्त्वाचे असते. एका गंधजनुकातल्या छोट्याशा फरकामुळे काहींना ते अगदी कमी प्रमाणातही फुलासारखे सुगंधी जाणवते. इतरांना ते जाणवत नाही किंवा जास्त प्रमाणात असेल तर आंबूस, उग्र वाटते. रासबेरीच्या ग्रीन टीला एकाने ‘अत्तरासारखा’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘आंबलेला’ म्हणावे, यात खोटे कोणीच बोलत नसते.

आधी लिहा, मग बोला

सोबतीने चाखण्यात एक अडचणही आहे. सोबतीचा माणूस आपली चव बदलतो. येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना चॉकलेट चाखायला दिले. शेजारी बसलेली व्यक्तीही त्याच वेळी तेच चॉकलेट चाखत असली, तर ते जास्त आवडले, जरी दोघे एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते. कडवट चॉकलेट मात्र सोबतीने खाताना अधिकच नावडते झाले. सोबत ही चवीला गोड करत नाही, ती तिला ठळक करते.

डोळ्यांचा प्रभावही असाच. फ्रान्समधील बोर्दो येथे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वाइनचे शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाचा लाल रंग मिसळून दिली. त्यांनी तिचे वर्णन करताना लाल वाइनसाठी वापरले जाणारे शब्द वापरले. डब्यावर आंब्याची फोड दिसली आणि समोरच्याने आधीच ‘आंबा!’ म्हटले, की आपल्या नाकाला वेगळे मत उरत नाही.

यावरचा उपाय चहाच्याच एका प्रसंगातून शास्त्राला मिळाला. १९२० च्या दशकात इंग्लंडमधील रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात म्युरिअल ब्रिस्टॉल या शास्त्रज्ञ महिलेने सांगितले, की कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे आपल्याला चवीवरून कळते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी वाद घालण्याऐवजी परीक्षेची कल्पना पुढे आणली. ८ कप, त्यातले ४ दूध आधी घातलेले, क्रम सरमिसळ. नुसत्या अंदाजाने सगळे कप बरोबर ओळखण्याची शक्यता ७० मध्ये १ एवढीच. १९३५ च्या आपल्या पुस्तकात फिशर यांनी हेच उदाहरण घेऊन प्रयोगाची आखणी कशी करावी ते मांडले. आज औषधांच्या चाचण्यांतही क्रम असाच सरमिसळ ठेवला जातो.

घरी याची छोटी आवृत्ती सहज करता येते. पाणी उकळल्यावर चार-पाच मिनिटे निवू द्यावे. उकळते पाणी ओतले, तर कडू आणि तुरट घटक जास्त उतरतात आणि फळाचा नाजूक वास त्याखाली दबतो. टी-बॅग दोन-तीन मिनिटेच ठेवावी. तीन सारख्या स्टीलच्या पेल्यांपैकी दोनांत आंब्याचा ग्रीन टी आणि एकात साधा ग्रीन टी घ्यावा, किंवा याच्या उलट करावे. एकाने पेले मांडावेत आणि दुसऱ्याने डोळे मिटून चाखून वेगळा पेला ओळखावा. मग अदलाबदल करावी. एकदा बरोबर आले, तर तो नशिबाचा भाग असू शकतो, कारण शक्यता ३ मध्ये १ आहे. लागोपाठ तीनदा बरोबर आले, तर नशिबाची शक्यता २७ मध्ये १ इतकी खाली येते. हाच खेळ नाक चिमटीत धरून खेळला, की बहुतेकांचे अंदाज चुकू लागतात. काय जाणवले ते दोघांनी आपापल्या कागदावर आधी लिहावे आणि त्यानंतरच बोलावे.

एकाला वासच आला नाही तर?

या खेळात एखाद्या घरी पुढचा संवाद ऐकू येऊ शकतो.

“अहो, आंब्याचा वास काय सुरेख येतोय!”

“कसला आंबा? नुसतं कडू पाणी आहे.”

बहुतेक घरांत यावर ‘यांना ग्रीन टी आवडतच नाही’ असे म्हणून विषय संपतो. इथेच थोडे थांबायला हवे. एकाला आंबा आणि दुसऱ्याला पीच जाणवणे, हा निसर्गाने दिलेला फरक आहे. पण आंबा, लिंबू, कॉफी, हिंगाची फोडणी, उदबत्ती यांपैकी कशाचाच वास नीट येत नसेल, तर ती गंधक्षमता कमी झाल्याची खूण असू शकते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ५३ ते ९७ वर्षे वयाच्या लोकांच्या वासाची प्रत्यक्ष चाचणी घेण्यात आली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे २४.५ टक्के लोकांची गंधक्षमता कमी आढळली. ८० वर्षांपुढच्या गटात हे प्रमाण ६२.५ टक्के होते. पण ‘वास कमी येतो का?’ असे विचारले, तेव्हा सगळे मिळून फक्त ९.५ टक्के लोकांनी होकार दिला. बाकीच्यांना आपण काय गमावले आहे, याचा पत्ताच नव्हता.

असे होते, कारण हा ऱ्हास वर्षानुवर्षे हळूहळू होतो. अक्षरे पुसट दिसू लागली, तर वर्तमानपत्र लांब धरावे लागते. ऐकू कमी आले, तर टीव्हीचा आवाज वाढतो. नाकाला असा कोणताच मापक नाही. शिवाय जीभ काम करत असते, त्यामुळे गोड, खारट, कडू सगळे कळत राहते. तक्रार येते ती वेगळ्याच शब्दांत. ‘हल्ली भाजीला चव नसते’, ‘आंब्यांना पूर्वीसारखी चव राहिली नाही’, ‘तुझ्या हाताची आमटी बदलली’. ताटात वरून मीठ घेतले जाते, लोणचे वाढते, चहात साखर एक चमचा जास्त पडते. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या व्यक्तीला हे परवडणारे नसते. काहींचे जेवणावरचे मनच उडते आणि वजन उतरू लागते.

धोका फक्त चवीपुरता नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात. ज्याला वास येत नाही, त्याच्यासाठी ही सगळी व्यवस्था निरुपयोगी ठरते. नासलेले दूध, आंबलेली डाळ, करपू लागलेले भांडे यांचेही तेच. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना हा धोका अधिक.

कारणे अनेक असतात. सर्दी, सायनसचा दीर्घ विकार, नाकातील मांसल गाठी, डोक्याला मार, काही औषधे, धूम्रपान आणि वाढते वय ही नेहमीची. कोविडनंतर अनेकांचा वास गेला आणि काहींचा पूर्णपणे परत आला नाही. पार्किन्सन आजारात हाताचा कंप सुरू होण्याच्या कितीतरी वर्षे आधी वास कमी होऊ शकतो. याचा अर्थ वास कमी झालेल्या प्रत्येकाला पार्किन्सन होतो, असा मुळीच नाही. बहुतेकांत कारण साधे असते आणि काही कारणांवर चांगले उपचारही आहेत. म्हणूनच सर्दी नसताना काही आठवडे वास येत नसेल, वास अचानक गेला असेल किंवा डोक्याला मार लागल्यानंतर गेला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. चहाचा खेळ म्हणजे निदान नव्हे. पण दवाखान्यात जाण्यासाठी तो एक चांगले निमित्त ठरू शकतो.

वास परत मिळवण्याचा एक सोपा सरावही आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वास गेलेल्या लोकांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास रोज दोन वेळा, १२ आठवडे हुंगायला दिले. सराव करणाऱ्यांची गंधक्षमता न करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. सगळ्यांना गुण येतोच असे नाही, पण गंधपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, हे या सरावामागचे बळ आहे. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वास दहा-पंधरा सेकंद, लक्ष देऊन आणि त्या वासाची आठवण मनात आणत हुंगायचा.

गुलाबपाणी, निलगिरीचे तेल, लिंबाची साल आणि लवंगा आपल्या घरांत सहज मिळतात. वास कमी झालेल्या व्यक्तीने डोळे मिटावेत, दुसऱ्याने एकेक वस्तू नाकाजवळ धरावी आणि ओळखले ते तारखेसह वहीत टिपून ठेवावे. तीन महिन्यांनी ती वही डॉक्टरांनाही दाखवता येईल. तोवर गॅसची शेगडी बंद आहे ना, दूध चांगले आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी घरातल्या चांगल्या नाकाच्या माणसाकडे द्यावी. आणि घरात तसे कोणी नसेल, तर गॅसगळतीची सूचना देणारा अलार्म स्वयंपाकघरात जरूर बसवून घ्यावा.